काठी वर ठेवून

सिदूमामाला मिरजेला आणतायत, असा मामीचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या खानावळीत ताट घेऊन रांगेत उभा होतो. मामी रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तू तितं हायस, तर दवाखान्याच्या दारात जाऊन हुबा ऱ्हा. आमाला मिरजंतलं काय कळत न्हाई." मी ताट तसंच ठेवून पळालो. दवाखान्यांच्या त्या रस्त्यावरून मी रोज कॉलेजला जातो. दारात गाठोडी घेऊन बसलेली गावाकडची माणसं रोज बघतो आणि पुढे जातो. त्या दिवशी मी त्यांच्यातच जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं एक पिकअप आली. मागच्या हौद्यात घोंगड्यावर मामा होता, तोंड ओळखू येत नव्हतं, आणि त्याच्या उशाशी एक हात भलतीकडेच वळलेला, रक्तानं माखलेला धुळाआबा बसला होता. मला वाटलं, मी चुकीच्या गाडीत डोकावतोय. कारण ज्याचं डोकं फोडायचं राहून गेलं म्हणून मामा जन्मभर हळहळायचा, तो धुळाआबा हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा गेला. मधल्या वेळात तो एकदाच बोलला, ते माझ्याशी. ते बोलणं मी पुढे सांगेन, कारण त्या बोलण्यावर नंतर एका माणसाचा जीव टांगलेला होता. आता काही आठवडे झाले आहेत. आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं, मामावर लिही, पेपरच्या पुरवणीला देऊ. मी लिहून त्यांना दाखवलं. त्यात मामा प्रेमळ, शांत, कष्टाळू असा काहीतरी झाला होता. खोलीवर आलो आणि ते फाडून टाकलं… मामा कष्टाळू होता, पण शांत नव्हता. तो मारकुटा माणूस होता. त्याला तसाच लिहायला हवा.

आमचं गाव सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या माळावर आहे. मेंढरं राखणारी घरं आमची. पाऊस सरला की तरणी माणसं मोठा कळप घेऊन फलटण-कोरेगावकडे बागायतीत उतरतात, उसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. म्हातारी माणसं थोडी जनावरं घेऊन मागे राहतात. उन्हाळ्यात या माळावर नजर ठरत नाही. कुसळं, तरवड, एखादं हिवराचं झाड, लांबवर फिरणाऱ्या पवनचक्क्या, बाकी नुसतं पांढरं ऊन. आणि चालता चालता पायाखालची जमीन फाटते. दोन काळ्या कातळभिंती खाली उतरत जातात, मधे माणूस जेमतेम जाईल अशी खडकातली वाट, आणि तळाला डोह. विहिरी आटतात, बोअरमधून धूळ येते, पण या डोहाचा तळ आमच्यात कुणी पाहिलेला नाही. खाली उतरलं की गार वारा अंगाला लागतो. पाण्यानं खडकात कोरलेले रांजण, कपारीत पाकोळ्यांची घरटी, आणि मेंढरं पाणी पितानाचा एकसारखा आवाज भिंतींवर घुमत राहतो. बाहेरचं ऊन तिथे खोटं वाटायला लागतं.

या घळीचा एक नियम आहे. वाट जिथून खाली उतरते तिथे भंडारा फासलेला एक धोंडा आहे. खाली जाणाऱ्यानं आपली काठी, कुऱ्हाड, कोयता, जे असेल ते त्या धोंड्याला टेकवून रिकाम्या हातानं उतरायचं. आणि खाली कुणी कुणावर हात उचलायचा नाही. हा नियम रक्तातून आलाय. माझी आई आजीच्या पोटात असताना एका दुष्काळात पाण्याच्या पाळीवरून मामाच्या आणि धुळाआबाच्या घरात मारामारी झाली. धुळाआबाच्या बापानं मामाच्या बापाचं, माझ्या आजोबांचं, डोकं फोडलं. आजोबांच्या भावानं तिथल्या तिथे त्या बापाला कुऱ्हाडीनं तोडलं. दोघं डोहात पडले आणि तिथेच मेले. मामा आणि धुळाआबा तेव्हा कळत्या वयाची पोरं होती आणि दोघांनी ते बघितलं. मेंढरं तहानेनं मरायला लागली तरी त्या पाण्याला तोंड लावेनात. मग जाणत्यांनी दोन्ही घरांना भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. भांडण मिटवा असं म्हणायची त्यांची हिंमत झाली नसावी. फक्त, ते घळीच्या वर ठेवा, एवढं ठरलं.

दोन्ही घरांनी ते वरच ठेवलं. मामानं एकदा बाजारात धुळाआबाच्या गळ्याखालचं हाड मोडलं, तेही एका मेंढीच्या कानावरच्या खुणेवरून. पुढच्या वर्षी धुळाआबानं त्याला ओढ्यात गाठून गुडघ्यावर असा दणका दिला की थंडीत मामा लंगडायचा ते शेवटपर्यंत. आणि उन्हाळा आला की हेच दोघं रोज दुपारी डोहाच्या काठावर, मधे दोन हातांचं अंतर ठेवून, एकमेकांकडे न बघता बसायचे. बोलायचे नाहीत. एकाची मेंढरं पिऊन झाली की दुसरा आपली पुढे घालायचा. त्यातला जो आधी वर जाई तो धोंड्यापाशी आपली काठी उचलायचा आणि दुसऱ्याच्या टेकवलेल्या काठीवर तिचा एक टोला द्यायचा. खट्ट. तो आवाज खाली डोहापर्यंत यायचा. वर ये, मग बघतो, असा त्याचा अर्थ. खाली बसलेला मामा तो ऐकून गालात हसायचा आणि थुंकायचा. मला लहानपणी वाटायचं, सगळ्याच माणसांना असा एक वैरी असतो.

माझं शिक्षणसुद्धा मामाच्या मारामुळे झालं. बारावीनंतर वडिलांनी मला पुण्याला एका हॉटेलात कामाला लावायचं ठरवलं होतं. मामा आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला, सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांच्या कानाखाली वाजवली. बहिणीच्या नवऱ्याला. आईच्या हातातली परात पडली. मामा म्हणाला, "पावणं, चुकलं आसंल तर मला बी एक मारा. पर पोरगं कालेजात जाईल." वडिलांनी मारलं नाही. ते कितीतरी दिवस मामाशी बोलले नाहीत, पण मला मिरजेला सोडायला मात्र तेच आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. भाषणात लोक म्हणतात अमक्याच्या आशीर्वादानं शिकलो. मी काय म्हणू…

लांडग्याचंही सांगायला हवं. मी पाचवीत होतो. दिवस मावळायच्या सुमाराला मेंढरांच्या वाड्यावर लांडगा आला, दोन कोकरांची नरडी फोडून तिसऱ्याला ओढत होता. मामा मधे पडला तर त्यानं मामाचा कोपराखालचा हात धरला. मामा ओरडला नाही. धरलेला हात त्यानं उलट आणखी आत त्याच्या घशात कोंबला आणि उजव्या हातातल्या काठीनं त्याचं कपाळ ठेचत राहिला. ते जनावर मेलं तरी ठेचतच होता. मामीनं मागून कवेत धरलं तेव्हा थांबला. मग खाली बसला, मेलेली कोकरं मांडीवर घेतली आणि त्यांच्या तोंडावरची माती पुसत राहिला. त्या काठीवरचा रक्ताचा काळा डाग पुढे तेल पाजून पाजून चकचकीत झाला होता. असा माणूस रोज दुपारी ती काठी आपण होऊन धोंड्याला टेकवत होता, हे मला तेव्हा विशेष वाटत नव्हतं. आता वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात माझा खोलीतला मित्र निखिल इचलकरंजीहून घळ बघायला आला. फोनवरच्या व्हिडिओंमुळे हल्ली लांबलांबून माणसं येतात. निखिलच्या हातात सेल्फी स्टिक होती. मामानं धोंड्यापाशी अडवलं.

"ती काय हाय?"

"फोटो काढायची काठी आहे, मामा."

"काठी हाय न्हवं? मग ठेव हितं."

निखिलनं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मामाची वेळूची, धुळाआबाची पितळी कड्या घातलेली, आणि निखिलची चकाकणारी, अशा तीन काठ्या एका रांगेत राहिल्या. डोह बघून निखिल फोटो काढायचेच विसरला. पाय पाण्यात सोडून म्हणाला, इथे रात्रभर बसता येईल. वर येताना मामानं आपली काठी उचलली, सवयीनं धुळाआबाच्या काठीवर एक टोला दिला, मग थोडा विचार करून सेल्फी स्टिकवरही हलकेच दिला आणि निखिलला म्हणाला, "तू बी ये कवातरी वर, बगतो तुला." निखिल अजून ते सांगून हसतो. मामा गेल्याचं कळलं तेव्हा तो ती काठी पेटीतून काढून नुसती हातात धरून बसला.

मामाला मारलं त्या दुपारी काय झालं ते मला मामाच्या दोन-चार शब्दांतून, मारणाऱ्या पोरांच्याच व्हिडिओतून आणि सगळं निवल्यावर धुळाआबाकडून कळलं. डोहावर फक्त हे दोघं म्हातारे होते. मामाचा थोरला मुलगा बिरूदादा मोठा कळप घेऊन फलटणच्या बाजूला होता. जीपमधून पाच-सहा तरुण आले, बाटल्या घेऊन उतरले. एकानं मामाचं एक कोकरू उचललं आणि डोहात फेकलं. ते पोहत काठाला आलं की पुन्हा फेकायचं, दुसऱ्यानं शूट करायचं. मामा कपड्यांसकट पाण्यात गेला, कोकरू छातीशी धरून बाहेर आला आणि शिव्या द्यायला लागला. हाताला नियम होता, तोंडाला नव्हता. मामाच्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही, पण त्यांच्या चार पिढ्या त्यानं सोडल्या नाहीत. पोरं चिडली. एकानं ढकललं. मामा उठला, पुन्हा शिव्या. मग त्यातले दोघं वर पळत गेले आणि धोंड्यापाशी जे मोकळं उभं दिसलं ते घेऊन खाली आले. धुळाआबाची पितळी कड्यांची काठी. दुसऱ्याच्या हातात जॅक होता, जीपमधला.

व्हिडिओ मी पोलिसांसमोर एकदाच बघितला. पहिला टोला तोंडावर बसतो. मामा खाली बसतो. दुसरा डोक्यात. मामाचे दोन्ही हात मांडीवर आहेत. ते हात मला ओळखीचे आहेत. त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे. ते उठत नाहीत. मग चौकटीच्या बाहेरून धुळाआबा येतो आणि मामाच्या अंगावर पालथा पडतो, आणि पुढचे सगळे टोले त्याच्या पाठीवर, दंडावर बसतात. हाड मोडल्याचा आवाज त्यात येतो. कुणीतरी हसतं. तिथे तो संपतो.

ती पळून गेल्यावर धुळाआबानं फेटा सोडला, मामाला पाठीवर घेतलं, फेट्यानं स्वतःशी करकचून बांधलं आणि एका हातानं खडक धरत ती वाट चढला. वर पिकअपवाला भेटला. त्याला दिसले ते हे दोघं, रक्तात.

दवाखान्यात त्याच संध्याकाळी मामानं डोळा उघडला. एकच उघडत होता. जबडा मोडला होता, तरी शब्द कळत होते. मी कान जवळ नेला. तो म्हणाला, "बिरूला सांग… घळीत मी हात उचलला न्हाई." मग बराच वेळ श्वास घेतला. "धुळाला कुनी हात लावायचा न्हाई. त्यानं माज्यावर अंग टाकलं. बरा झालो की मीच गाठतो त्या भाडखाऊला, घळीच्या वर. बरगड्या मोजतो त्येच्या." आणि त्या फुटलेल्या तोंडानं तो हसला. ते मामाचं शेवटचं बोलणं.

बिरूदादा पोचला तेव्हा मामा गेला होता. गावात तोवर वेगळंच पसरलं होतं. डोहाकाठी सापडलेली रक्ताची काठी धुळाआबाची, हे लहान पोरालाही माहीत होतं. ती पोरं कोण, कुठली, कुणी पाहिली नव्हती. धुळाआबाला विचारलं तर तो प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून म्हणायचा, "काठी माजीच हुती." पुढे बोलायचाच नाही. आमच्या घरच्या माणसापुढे सफाई द्यायला तो जन्माला आला नव्हता. पोलिसांनी जबाब घेतले, तपास सुरू झाला, पण बिरूदादाचं ठरलं होतं. राख सावडून आलो त्या दुपारी त्यानं कुऱ्हाड काढली. धुळाआबा मेंढरं घेऊन घळीत गेलाय हे त्याला कळलं होतं. जनावराला तहान लागते, त्याला सुतक कळत नाही. मामी दारात आडवी झाली, तिला ओलांडून तो गेला. आईनं मला ढकललं, "जा रं, तुजं काय ऐकतोय का बग."

मामाचा निरोप मी तोवर सांगितलाच नव्हता, मयताच्या घरात ते शब्द तोंडातून निघेनात. मी माळावरून त्याच्या मागे धावलो. धावतच सांगितलं. मला जसं सांगता येतं तसं सांगितलं. मी म्हणालो, मामांनी शेवटी धुळाआबांना माफ केलं होतं, त्यांनी मामांना वाचवायचा प्रयत्न केला, वैर संपवा अशी मामांची इच्छा होती. बिरूदादा थांबला नाही. चालताचालताच म्हणाला, "आमचा बा आसं बोलंल व्हय? ही तुज्या पुस्तकातली भाषा झाली. भांडान नको म्हनून सांगायलायस." त्याचं खरं होतं. मी मरणाऱ्या माणसाच्या तोंडात शोभेल असं बोलणं घातलं होतं. शिव्या गाळल्या, बरगड्या गाळल्या. आणि त्याबरोबर मामाच गळून गेला होता.

आम्ही धोंड्यापर्यंत पोचलो. खालून मेंढरं पाणी पितानाचा आवाज येत होता. धोंड्याला मामाची काठी टेकवलेली होती, त्या दुपारी त्यानं ठेवली तशीच. मामाला वर आणताना धुळाआबाचा हातच मोकळा नव्हता. शेजारी धुळाआबाची नवी, अजून साल न काढलेली बाभळीची काठी होती. बिरूदादा दोन्हीकडे न बघता कुऱ्हाड घेऊन वाटेला लागला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी मामासारखं, त्याच्याच तोंडानं, त्याच थांब्यांसकट मोठ्यानं म्हणालो, "बरा झालो की मीच गाठतो त्या भाडखाऊला. घळीच्या वर. बरगड्या मोजतो त्येच्या."

बिरूदादा थांबला. पाठमोराच होता. त्याचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. मग खडकावर बसला आणि मग रडला. नाक पुसून म्हणाला, "आजून काय म्हनला?"

मी म्हणालो, "घळीत हात उचलला नाही, ते तुला सांगायला सांगितलंय."

तो उठला. चार पावलं मागे वर आला आणि कुऱ्हाड धोंड्याला टेकवली. टेकवताना तिचं पातं दगडावर घासलं, तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. मग रिकाम्या हातानं खाली गेला आणि धुळाआबापासून दोन हात सोडून काठावर बसला. मी मागे उभा होतो. धुळाआबानं वळून बघितलं नाही. त्यालाही माहीत असणार, हा कशाला आला होता.

बिरूदादा पाण्याकडे बघत म्हणाला, "आबा, बा तुमाला वर गाटनार हुता म्हनं."

धुळाआबा म्हणाला, "व्हय. मी बी वाट बगत हुतो."

एवढंच. नंतर त्या पोरांनी कुणालातरी पाठवलेला व्हिडिओ फिरत फिरत पोलिसांपर्यंत आला आणि ती पकडली गेली. खटला होईल, त्यावर मी लिहीत नाही. गावात काही जण म्हणतात, आता हत्यार घेऊनच खाली जायला हवं, धोंड्यापाशी काठ्या ठेवणं म्हणजे येणाऱ्याच्या हातात देणं आहे. उद्या पुन्हा कुणी आलं तर… बिरूदादा मात्र कुऱ्हाड वर ठेवूनच उतरतो.

परवा सुट्टीत गेलो होतो. बिरूदादाबरोबर डोहावर बसलो. मामाची काठी अजून धोंड्यालाच आहे, तिला कुणी हात लावत नाही. धुळाआबाची मेंढरं आधी पिऊन झाली. तो गुडघ्यावर हात देत उठला, मेंढरं वाटेला लावली आणि त्यांच्या मागे चढत दिसेनासा झाला. आम्ही दोघंही कान देऊन ऐकत होतो.

वरून आवाज आला. खट्ट.

बिरूदादा गालात हसला आणि थुंकला.